प्रगतिपुस्तक वाचायचं कसं: श्रेणी, नोंदी आणि पालकसभेतली पाच मिनिटं

१ मेचं झेंडावंदन आटोपलं की मुंबईतल्या बऱ्याच मराठी शाळांत निकाल वाटायला घेतात. प्रगतिपुस्तक हातात पडल्यावर पालकांची नजर कुठे जाते, हे मी टेबलाच्या पलीकडून बरीच वर्षं बघतेय. ती जाते थेट शेवटच्या रकान्याकडे. तिथे ‘अ-२’ असलं की चेहरा खुलतो, ‘ब-२’ असलं की शेजारच्या पालकाच्या हातात काय आहे ते बघितलं जातं. मग फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला जातो आणि पुस्तक कपाटात. मधली पानं कोणी उलटत नाही. आणि आम्ही शिक्षक ज्याला मूल्यमापन म्हणतो ते सगळं त्या मधल्या पानांतच असतं.

हा लेख मुख्यतः राज्य मंडळाच्या शाळेत पहिली ते आठवीत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी आहे. दहावीचं थोडं शेवटी येईल.

आधी श्रेणीचं गणित

महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झालं. त्यामागे २००९ चा शिक्षण हक्क कायदा होता. वर्षातून दोनदा तीन तासांचा पेपर घेऊन मुलाची किंमत ठरवू नका, वर्षभर बघत राहा, हा त्यातला विचार. शंभरपैकी मिळालेल्या गुणांवरून श्रेणी अशी ठरते:

९१ ते १००: अ-१
८१ ते ९०: अ-२
७१ ते ८०: ब-१
६१ ते ७०: ब-२
५१ ते ६०: क-१
४१ ते ५०: क-२
३३ ते ४०: ड
२१ ते ३२: इ-१
२० आणि त्याखाली: इ-२

हा तक्ता नीट बघा. ७१ गुणांच्या मुलीला ब-१ आणि ८० गुणांच्या मुलीलाही ब-१. पण ८१ वाली एका गुणाने अ-२ मध्ये जाते. म्हणजे नऊ गुणांचा फरक लपतो आणि एका गुणाचा फरक गाजतो. त्यामुळे श्रेणी बदलली म्हणून पेढे वाटण्याआधी किंवा ओरडण्याआधी ‘बाई, गुण किती होते?’ एवढं विचारा. शाळेच्या नोंदतक्त्यात प्रत्येक साधनाचे, म्हणजे तोंडीकाम, चाचणी, प्रकल्प अशा प्रत्येक प्रकाराचे, गुण लिहिलेले असतात आणि बाई ते दाखवतात.

मग हे शंभर गुण येतात कुठून ते बघा

त्यांचे दोन भाग असतात. आकारिक मूल्यमापन म्हणजे सत्रभर वर्गात जे चालतं ते, आणि संकलित मूल्यमापन म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, ज्यात थोडं तोंडी किंवा प्रात्यक्षिक आणि बाकी लेखी. आकारिकसाठी आठ साधनं सांगितली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि इतर. प्रत्येक विषयाला आठही वापरावी लागत नाहीत, विषयाला शोभतील ती घ्यायची.

या दोन भागांचं प्रमाण इयत्तेनुसार बदलतं, आणि हेच बहुतेक पालकांना ठाऊक नसतं. पहिली-दुसरीत आकारिक ७० आणि संकलित ३०. तिसरी-चौथीत ६० आणि ४०. पाचवी-सहावीत निम्मं-निम्मं. सातवी-आठवीत उलटं, आकारिक ४० आणि संकलित ६०.

याचा परिणाम एका मुलावर लावून बघू. समजा तुमची मुलगी वर्गात उत्साही आहे, प्रकल्प मनापासून करते, वह्या पूर्ण असतात. आकारिकमध्ये ती दर वर्षी ९० टक्क्यांना असते. लेखी परीक्षेत मात्र ५५ टक्क्यांच्या पुढे सरकत नाही. तिच्यात काहीही बदल झाला नाही असं धरलं तरी दुसरीत तिचे होतात ६३ अधिक साडेसोळा, म्हणजे साडेएकोणऐंशी. चौथीत ७६. सहावीत साडेबहात्तर. आठवीत ६९, आणि ब-१ ची ब-२. दहावीला विषयाचे २० गुण शाळेकडे आणि ८० गुण लेखी, तिथे तीच मुलगी ६२ वर येते.

म्हणजे आठवीत ‘पोरगी घसरली, मोबाइल काढून घ्या’ असं जे घरोघरी म्हटलं जातं, त्यातल्या बऱ्याच घसरणीत पोरीचा हात नसतो. लेखीतला कच्चेपणा दुसरीतही तेवढाच होता, तेव्हा तो झाकलेला होता एवढंच. चौथीतून पाचवीत आणि सहावीतून सातवीत जाताना हे हमखास होतं. या दोन वळणांआधीच्या मे महिन्यात लेखीचे गुण वेगळे काढून बघितले, तर पुढचा बराच त्रागा वाचतो.

एकच श्रेणी, दोन मुलं

चौथीच्या गणिताची दोन उदाहरणं घेऊ. दोघांनाही ७० गुण, दोघांनाही ब-२.

पहिला मुलगा. आकारिक: तोंडीकाम १० पैकी ९, प्रात्यक्षिक १० पैकी १०, उपक्रम १० पैकी ९, चाचणी १० पैकी ४, स्वाध्याय २० पैकी १९. एकूण ५१. संकलित: तोंडी १० पैकी ८, लेखी ३० पैकी ११. एकूण १९.

दुसरा मुलगा. आकारिक: तोंडीकाम ५, प्रात्यक्षिक ६, उपक्रम ६, चाचणी ९, स्वाध्याय १३. एकूण ३९. संकलित: तोंडी ४, लेखी २७. एकूण ३१.

शेवटचा रकाना दोघांना एकाच मापाने मोजतो. पण दुसऱ्या मुलाला गणित येतं. तो वर्गात तोंड उघडत नाही, वही अर्धवट ठेवतो, उपक्रमात रमत नाही. त्याला क्लास लावून काही होणार नाही. तो वर्गात का गप्प असतो ते शोधायला हवं. कधी फळ्यावरचं दिसत नसतं, कधी बाकावरचा जोडीदार त्रास देत असतो, कधी स्वभावच तसा असतो.

पहिल्या मुलाचं जास्त जपून बघावं लागतं. विचारलं तर सांगतो, मणी-काड्या घेऊन करून दाखवतो, कागदावर आलं की अडतो. इथे स्वाध्यायाचे १९ गुण मला खटकतात. चाचणीत ४ आणणाऱ्याची वही इतकी नीटनेटकी असेल, तर ती फळ्यावरून उतरवलेली असते किंवा घरी ताईने बसून लिहून घेतलेली असते. शब्दगणित वाचताच येत नसेल, अशीही शक्यता असते. तसं असेल तर मराठीच्या लेखीतही हीच दरी दिसेल. गणित आणि मराठीची पानं शेजारी ठेवून बघा.

तोंडी उत्तम आणि लेखी फारच कमी, हे दोन-तीन वर्षं सगळ्या विषयांत दिसत असेल, तर ‘आळशी आहे’ म्हणून सोडून देऊ नका. अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घ्या. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती होते आणि प्रमाणपत्रही मिळतं. त्या आधारावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती असतात. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून नववीपर्यंत थांबू नका.

वर्णनात्मक नोंदी: खऱ्या कुठल्या, छापील कुठल्या

श्रेणींच्या पुढे वर्णनात्मक नोंदी असतात: विशेष प्रगती, आवड आणि छंद, सुधारणा आवश्यक, व्यक्तिमत्त्व गुणविशेष. आमच्या मंडळींची एक गोष्ट सांगते, कोणी रागावलं तर रागावो. तयार नोंदींच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात. वर्गात पन्नासच्या वर पट, त्यात निवडणुकीची आणि इतर ऑनलाइन कामं. मग ‘इतरांशी नम्रतेने वागतो’, ‘वर्गात नियमित हजर असतो’, ‘सांगितलेले काम वेळेत पूर्ण करतो’ ही वाक्यं हजेरीच्या क्रमाने उतरवली जातात. ती खोटी नसतात, पण ती तुमच्याच मुलाबद्दल आहेत असं मानू नका.

खरी नोंद ओळखायची खूण सोपी आहे. तिच्यात एखादी ठोस गोष्ट असते. ‘हातच्याच्या वजाबाकीत गोंधळतो’, ‘जोडाक्षरयुक्त शब्द वाचताना थांबते’, ‘नकाशावर दिशा ओळखता येत नाहीत’ असं काही लिहिलं असेल, तर बाईंनी मुलाकडे बघून लिहिलं आहे. आणि ती बहुतेक ‘सुधारणा आवश्यक’मध्येच सापडते. हा रकाना रिकामा किंवा ‘अक्षर सुधारावे’ एवढाच असेल, तर पालकसभेत नेमकं तेच विचारा: ‘सध्या कुठल्या एका गोष्टीवर काम करू?’

‘आवड आणि छंद’ या रकान्याकडे मात्र मी कोणाला फार वेळ घालवू देत नाही. निम्म्या वर्गाला ‘चित्र काढणे’ आणि उरलेल्याला ‘क्रिकेट’ असतं.

उपस्थितीचं पान

इथे महिनावार कामाचे दिवस आणि हजर दिवस असतात. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला हवी. एकूण टक्क्यांपेक्षा गैरहजेरी कुठल्या महिन्यात पडली ते बघा. मुंबईत दोन खड्डे ठरलेले: गणपतीत गावी गेलेले आठ-दहा दिवस आणि जुलै-ऑगस्टमधला ताप. त्या दिवसांत पाचवीला अपूर्णांक सुरू झाले असतील, तर एप्रिलमध्ये अपूर्णांकच अडणार. कोकणात जाऊ नका असं मी मुंबईत राहून कोणाला सांगणार? पण परतल्यावर त्या दिवसांचा पाठ बाईंना विचारून घ्या.

उंची-वजनही बहुतेक प्रगतिपुस्तकांत दोनदा लिहितात. वजन दोन्ही सत्रांत तेवढंच असेल तर लक्ष द्या.

पालकसभेतली पाच मिनिटं

दिवाळीनंतर आणि निकालाच्या वेळी, शिवाय चाचण्यांनंतर, बहुधा शनिवारी शाळा बोलावते. इंग्रजी शाळांतला ‘ओपन हाउस’ हा शब्द आता आमच्याकडेही रुळला आहे. बाहेर रांग, आत एक बाई आणि एका पालकाला जेमतेम पाच मिनिटं. त्यात ‘कसा आहे हो आमचा?’ विचारलं, तर ‘हुशार आहे, मस्ती जरा कमी करायला सांगा’ याखेरीज काही हाती येणार नाही.

जाण्याआधी मागच्या सत्राचं प्रगतिपुस्तक काढून ज्या विषयात आकारिक आणि संकलित यांत सगळ्यात मोठी दरी आहे तो एकच विषय निवडा. मुलाचा पेपर मागून घ्या. पेपर दाखवायलाच तर बोलावलेलं असतं, पण गुण बघून तो परत दिला जातो. तसं करू नका. कुठले प्रश्न सोडलेत ते बघा. सोडलेला प्रश्न आणि चुकलेला प्रश्न यांत फरक आहे: शेवटचे दोन सोडले असतील तर वेळ पुरला नाही, मधलेच सोडले असतील तर तो घटक येत नाही.

संवाद साधारण असा जावा.

‘या, ओवीची आई, बसा.’

‘बाई, परिसर अभ्यासात तिला तोंडीला ९ आहेत आणि लेखीला ३० पैकी १२. पेपरात तिने ‘कारणे लिहा’ सगळे सोडलेत.’

‘हो, एका शब्दाची उत्तरं पटापट लिहिते. दोन वाक्यं लिहायची म्हटली की पेन्सिल खाली ठेवते.’

‘मग घरी काय करून घेऊ?’

‘धडा पाठ करून घेऊ नका. रोज एक प्रश्न, उत्तर आधी तोंडाने सांगू दे, मग तेच लिहू दे.’

एका मिनिटात काम झालं, आणि बाईंनाही कळलं की या घरात पुस्तक उघडून बघतात. पुढच्या वेळी त्या आपणहून सांगतील. शक्य असेल तर मुलीला सोबत न्या, पण तिच्यादेखत दुसऱ्या मुलाचं नाव घेऊ नका. शिफ्टमुळे किंवा कामामुळे शनिवार जमत नसेल, तर डायरीत चिठ्ठी लिहून मधल्या सुट्टीतली वेळ मागा. आजीला पाठवलंत तरी चालेल, फक्त तिच्या हाती प्रश्न लिहून द्या. आज्या अनेकदा आई-बापांपेक्षा नीट ऐकतात.

गुणांच्या बेरजेत चूक वाटली तर आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक. अनुदानित आणि महापालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असतात. तिथे विषय मांडता येतो. त्यापुढे महापालिकेच्या शाळेसाठी वॉर्डातले प्रशासकीय अधिकारी आणि खासगी माध्यमिक शाळेसाठी त्या विभागाचे शिक्षण निरीक्षक. मुंबईत उत्तर, दक्षिण आणि पश्चिम अशी त्यांची कार्यालयं आहेत. पण चौथीच्या दोन गुणांसाठी तिथवर जाणं मला कधीच पटलेलं नाही.

पाचवी आणि आठवीचं वेगळं

‘आठवीपर्यंत नापास करत नाहीत’ हे अजून खूप जण धरून बसलेत. कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली आणि राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. पाचवीला विषयाला ५० गुण, आठवीला ६०, उत्तीर्ण व्हायला प्रत्येक विषयात ३५ टक्के, म्हणजे अनुक्रमे १८ आणि २१. कमी पडले तर जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा. तिथेही राहिलं, तर मूल त्याच वर्गात बसतं. शाळेतून मात्र काढता येत नाही. बाकी इयत्तांना, म्हणजे पहिली ते चौथी, सहावी आणि सातवीला, जुनाच नियम. म्हणून चौथीत गणिताच्या लेखीला ३० पैकी ११ असणं पूर्वीइतकं निर्धास्त राहिलेलं नाही.

याशिवाय पायाभूत चाचणी आणि संकलित चाचण्यांचे राज्याकडून येणारे पेपर मराठी, गणित, इंग्रजीला असतात. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेचं किती उरलं आहे ते बघते. तिच्या गुणांवरून मुलाला ओरडण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात काय विसरलं ते त्यातून कळतं.

शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना का जमत नाही

एकाच सोसायटीत चार मंडळं असतात. महापालिकेचंच बघा: आठ माध्यमांच्या शाळा, शिवाय जोगेश्वरीला पूनमनगरमध्ये सीबीएसई आणि माटुंग्याला वुलन मिलमध्ये आयसीएसई. सीबीएसईच्या दहावीचा ‘ए-वन’ ठरावीक गुणांवर मिळत नाही. उत्तीर्ण मुलांच्या क्रमवारीत वरचा आठवा हिस्सा तो घेऊन जातो. आमचा अ-१ मात्र ९१ गुणांवर, मग तो वर्गात एकाला मिळो की तीसांना. दोन्हींना इंग्रजीत ‘ए-वन’च म्हणतात, तिथेच घोळ होतो.

नव्या शैक्षणिक धोरणातलं समग्र प्रगतिपत्रक हळूहळू येतंय, त्यात मुलाने स्वतःचं आणि वर्गमित्राचं मूल्यमापन करायचं असतं. सात वर्षांची मुलं स्वतःबद्दल चक्रावून टाकेल इतकं खरं लिहितात. ते पान आलं तर आधी तेच वाचा.

नाव, जन्मतारीख, आईचं नाव

प्रगतिपुस्तकाच्या पहिल्या पानावरचं नाव आधार कार्डाशी आणि जन्मदाखल्याशी अक्षरशः जुळवून बघा. ‘श्रीया’ की ‘श्रेया’, आईचं नाव माहेरचं की सासरचं, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जे आहे तेच पुढे दहावीच्या फॉर्मवर आणि गुणपत्रिकेवर उतरतं. दहावीच्या आधी मंडळाची प्री-लिस्ट, म्हणजे फॉर्ममधली माहिती तपासायची यादी, शाळेत येते, ती शेवटची सोयीची वेळ. त्यानंतरच्या दुरुस्तीत महिने जातात. पाचवीत दिसलेली चूक पाचवीतच अर्ज देऊन दुरुस्त करा.

दहावीचा निकाल लागल्यावर

दहावीला प्रत्येक विषयात ३५ टक्के लागतात. ७५ च्या वर विशेष प्रावीण्य, ६० ला प्रथम श्रेणी, ४५ ला द्वितीय. सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच धरून टक्केवारी काढतात. निकाल ऑनलाइन बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं, म्हणून वर नावाबद्दल एवढं सांगितलं.

एखाद्या विषयात गुण अनपेक्षित कमी आले, तर ‘रीचेकिंगला टाकू’ असं सगळे म्हणतात, पण तिथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेला प्रश्न बघतात. छायाप्रतीत तुमच्या उत्तरपत्रिकेची प्रत मिळते. पुनर्मूल्यांकनात पेपर पुन्हा तपासला जातो, आणि त्यासाठी आधी छायाप्रत घ्यावीच लागते. अर्ज ऑनलाइन होतात, त्यासाठी वाशीच्या विभागीय मंडळात खेटे घालायची गरज नाही. छायाप्रतीची मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती मिळाल्यावर पुनर्मूल्यांकनाचीही, म्हणून निकालाच्या संध्याकाळीच शाळेत तारखा विचारून ठेवा. प्रत हाती आली की आधी मुखपृष्ठावरची बेरीज तपासा, मग आतला प्रत्येक प्रश्न तपासलाय का ते बघा, आणि मग ती त्या विषयाच्या शाळेतल्या सरांना किंवा बाईंना दाखवा. पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात; ‘वाढतील’ असं त्या विषयाच्या शिक्षकांनी म्हटलं तरच पैसे भरा.